माझ्यामुळे वाढलेला एक सेंटिमीटर

मी एक जुनी फळी आहे. फळी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरातले डबे येतील, पण मित्रांनो, मी डब्यांखाली दबलेली फळी नाही. मी मासे मोजायची फळी आहे. लालबागच्या एका चाळीत, पहिल्या मजल्यावर, दारामागच्या खिळ्याला मी टांगलेली असते. एका बाजूला छत्री, दुसऱ्या बाजूला गॅसवाल्याचं कॅलेंडर. पाहुणे दार लावताना मला पाहतात आणि विचारतात, ‘‘हे काय, धोपाटणं का?’’ मला फार राग येतो. कपडे बडवायचं धोपाटणं कुठे आणि मी कुठे! पण हल्ली माझा राग टिकत नाही. माझ्यामुळे जे झालं ते आठवतं आणि मी गप्प होते.

तेच आज सांगणार आहे. सांगितल्याने मन हलकं होईल असं मला वाटत नाही. तरी सांगायला हवं.

मला दगडूनानांनी घडवलं. नाना परळच्या एका कापड गिरणीत सुतार होते. गिरणी बंद पडली आणि पुढे पाडली गेली, तेव्हा रखवालदाराला विनवून त्यांनी दोन वस्तू घरी आणल्या. एक मोडक्या मागाचा सागवानी तुकडा आणि दुसरी कापड मोजायच्या टेबलावरची पितळी पट्टी. पट्टीवर इंचाच्या रेघा होत्या. दोन्ही वस्तू कित्येक वर्षं पलंगाखाली पडून राहिल्या. नानांची बायको मीराबाई केर काढताना रोज त्यांच्या नावाने बोटं मोडायची. मग नानांच्या सुनेला, दर्शनाला, समुद्रातल्या माशांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत नोकरी लागली. काम असं, की पहाटे भाऊच्या धक्क्यावर जायचं, होड्या लागल्या की टोपल्यांतले मासे उचलून मोजायचे आणि लिहून ठेवायचे.

‘‘मोजतलंस कशावर?’’ नानांनी विचारलं.

‘‘पट्टी देणारेत म्हणे नाना, प्लॅस्टिकची.’’

‘‘प्लॅस्टिकची!’’ नानांना ते अपमानासारखंच वाटलं. ‘‘रव गो. मी करतंय.’’

त्यांनी पितळी पट्टी उलटी केली. मागच्या कोऱ्या बाजूवर, नवी स्टीलची फूटपट्टी शेजारी धरून, सेंटिमीटरच्या रेघा कोरल्या. चाळीस रेघांना चार दिवस लागले. सागवानाला रंधा मारला, पट्टी चार स्क्रूंनी माझ्या अंगावर बसवली आणि एका टोकाला आडवा ठोकळा ठोकला. माशाचं तोंड त्या ठोकळ्याला टेकवायचं आणि शेपूट कोणत्या रेघेवर पोचते ते वाचायचं. सुनेच्या हातात मला देताना नाना म्हणाले, ‘‘ह्या माप आसा. ह्याच्यात थोडा हय, थोडा थय चलाचा नाय.’’

तुम्हाला खरं सांगते, त्या दिवशी माझ्याइतकी ताठ वस्तू अख्ख्या गिरणगावात नसेल.

पुढची आठ-नऊ वर्षं माझी कामाची वर्षं. पहाटेचा धक्का म्हणजे नुसता गलका. बर्फ फोडण्याचे आवाज, टोपल्यांची ओढाओढ, लिलावाची बोली, कोळणींची भांडणं. त्या सगळ्यात दर्शना एका उलट्या क्रेटवर मला मांडून बसायची. बोंबील, मांदेली, बांगडा, पापलेट, सगळे माझ्या अंगावर आडवे होऊन गेले. ती प्रत्येक मासा दोनदा मोजायची. दोन्ही आकडे जुळले तरच लिहायची. धक्क्यावरची माणसं तिची थट्टा करत. ‘‘ताई, मासा आहे तो, सोनं नाही!’’ ती हसायची आणि तिसऱ्यांदा मोजायची.

तिथेच कुशाबा भेटला. कुशाबा वयस्कर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. होडी त्याच्या आजोबांच्या नावाची होती, आणि आजोबांचा एक नियम तो पाळायचा. जाळ्यात पापलेट आलं की त्याच्यावर हाताची वीत ठेवायची. वितेत कमी भरलं तर ते पिल्लू, जिवंत असेल तर पाण्यात परत. हा नियम पाळणारा तो बंदरात जवळजवळ एकटाच होता.

आता तुम्ही विचाराल, मासे मोजून करायचं काय? मलाही बरेच दिवस ठाऊक नव्हतं. एके दिवशी दर्शनाची साहेबीण, अनुजा, धक्क्यावर आली आणि कुशाबाला समजावू लागली.

‘‘कुशाबा, मी कॉम्प्युटरमध्ये एक समुद्र केलाय.’’

‘‘पानी कुठशी आनलंस?’’

अनुजा हसत सुटली. मग तिने सांगितलं. त्या समुद्रात पाणी नव्हतं, आकडे होते. कोळंबी किती, तिला खाणारे बोंबील किती, पापलेट किती, होड्या किती, जाळ्यांची भोकं केवढी. एकाला हात लावला की बाकीचे कसे हलतात ते त्या समुद्रात आधीच पाहता येत होतं. त्याला ते मॉडेल म्हणत. खऱ्या समुद्रात प्रयोग करून चुकलं तर मासे परत आणता येत नाहीत, म्हणून हा खोटा समुद्र. पापलेटासाठी तिने त्यात वीस सेंटिमीटरवर एक रेघ ओढली होती. वीस किंवा वर म्हणजे अंडी घातलेलं मोठं पापलेट, वीसच्या खाली म्हणजे पिल्लू. मोठी किती आणि पिल्लं किती, हे मात्र धक्क्यावरून कळणार. म्हणजे माझ्याकडून.

त्या मॉडेलने एक गोष्ट दाखवली. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर एक पट्टा होता, तिथे पावसाळा सरता सरता पापलेटाची पिल्लं जमत. दर वर्षी नारळी पौर्णिमेनंतर दोन महिने तो पट्टा सोडला, तर पुढे सगळ्यांच्या जाळ्यात मासा राहील. कुशाबाने बारा होड्यांच्या तांडेलांना गोळा केलं. कुणी कुरकुरलं, कुणी शिव्या घातल्या, पण त्याच्या शब्दाला मान होता. पट्टा सोडला. दर वर्षी ते दोन महिने बारा घरांनी पोटाला चिमटा घेतला. पट्टा सोडायचं ठरलं त्या दिवशी कुशाबा दर्शनाला म्हणाला होता, ‘‘बाय, तुज्या फळीवर आमच्या बारा होड्या ठेवल्यान. नीट बग हां.’’

हे वाक्य मी कधी विसरले नाही.

आता माझ्या घरची गोष्ट. माझा एक दुर्गुण सांगते. मला कौतुक फार आवडतं. आमच्या घरी दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. गिरणीत यंत्रांची व्हायची, तीच रीत नानांनी घरी आणली. करवत, रंधा, पटाशी, मीराबाईंचं शिवणयंत्र, आणि मधोमध मी. आदल्या दिवशी मीराबाई मला घेऊन मोरीत बसायची. खाऱ्या पाण्याने पितळ हिरवं पडायचं, ते तिला बघवायचं नाही. आधी चिंच, मग राख, आणि तरी डाग राहिले तर नानांच्या पेटीतला काचकागद. ‘‘माझ्या सुनेची लक्ष्मी आहे ही,’’ म्हणत ती मला घासायची. एकदा दसऱ्याला सुरू केलं, मग दर अमावास्येला करू लागली. मी आरशासारखी चमकायचे. कुंकू, झेंडूचं फूल, समोर पेढा. मी खूश.

काचकागद डागाबरोबर रेघाही खात होता. मीराबाईला ते कळलं नाही. नानांचे डोळे मोतीबिंदूने गेले होते, त्यांना दिसलं नाही. मला कळत होतं, पण चमकण्याच्या नादात मी तिकडे लक्ष दिलं नाही.

एका पहाटे दर्शनाला दहाच्या अलीकडच्या रेघा दिसेनात. आठवड्याभरात वीसच्या आसपासच्याही धूसर झाल्या. संस्थेने नवी स्टीलची फळी देऊ केली. ती म्हणाली, ‘‘नको मॅडम, ही आमच्या नानांनी केलीये. मी करते काहीतरी.’’ मीराबाई ब्लाउज शिवायची. अस्तराचं कापड आणायला ती हिंदमाताला गेली, तेव्हा येताना सुनेसाठी शिंप्याची कापडी टेप घेऊन आली. पिवळी, तुकतुकीत. दर्शनाने टेप चाळीसच्या पुढे कापली, तिचं एक टोक ठोकळ्याखाली दाबलं, टेप पितळेवरून ओढून घेतली आणि दुसरं टोक माझ्या पाठीमागे ठोकलेल्या खिळ्याला दोऱ्याने बांधलं. त्या दिवशी स्टीलच्या पट्टीशी ताडूनही पाहिली. अगदी बरोबर होती.

पण कापड ते कापड. रोज बर्फाचं पाणी, रोज खारं पाणी, रोज ऊन. टेप आटू लागली, तिच्यावरच्या रेघा एकमेकींजवळ सरकू लागल्या. मला अंग आवळल्यासारखं वाटायचं. दोनदा तो दोरा ताण येऊन तुटला. दर्शनाने दोन्ही वेळा थोडा लांब दोरा घेऊन पुन्हा बांधला आणि मासे मोजायला बसली. घाई होती, लिलाव सुरू झाला होता. जी बाई मासा दोनदा मोजल्याशिवाय लिहायची नाही, तिने मला मात्र पुन्हा मोजलं नाही. नानांनी केलेलं माप चुकेल असं तिच्या मनातच आलं नाही.

होता होता एकोणीसचं पापलेट माझ्यावर वीस भरू लागलं.

कुशाबाला ते आधी कळलं होतं. एकदा त्याने टोपलीतलं पापलेट उचलून वीत लावली. ‘‘बाय, ह्यो वितंला पुरत नाय. पिल्लू हाय.’’

दर्शनाने मासा माझ्यावर ठेवला. ‘‘वीस, कुशाबा. बघा ना तुम्हीच.’’

कुशाबाने डोळे बारीक करून पाहिलं, स्वतःचा पंजा पुढे-मागे फिरवून पाहिला आणि हसला. ‘‘मंजे म्हातारपनी माजा हातच वाढला!’’

सगळे हसले. त्या क्षणी मला वाचा असती तर! मित्रांनो, मी नुसती पडून राहिले.

दुसऱ्या बंदरावर अजित नावाचा एक माणूस हेच काम करायचा. त्याच्याकडे स्टीलची फळी होती. अजित जरा आळशी म्हणून प्रसिद्ध होता. चहाचा ग्लास बाजूला, गप्पा चालू आणि मोजणी चालू. त्याचे आकडे येत होते लहान, दर्शनाचे मोठे. अनुजाच्या ऑफिसात चर्चा झाली. कोणाचे धरायचे? सगळे एका सुरात म्हणाले, ‘‘दर्शनाचे. ती चुकत नाही.’’ अजितचे आकडे बाजूला ठेवले. एवढ्या वर्षांच्या प्रामाणिकपणाने कमावलेलं तिचं नाव, तेच घात करून गेलं.

मॉडेलमध्ये माझे आकडे गेले. मोठी पापलेटं भरपूर दिसली. अनुजाने ठाकूरद्वारच्या आपल्या जुन्या शाळेचं सभागृह एका रविवारी मागून घेतलं आणि तिथे बारा तांडेलांना सांगितलं, की तीन वर्षं पट्टा सोडल्याचं फळ मिळालंय, आता तो मोकळा करायला हरकत नाही. टाळ्या पडल्या. दर्शनाला शाल आणि नारळ दिला. कुणीतरी मलाही उंच धरून फोटो काढला. त्या फोटोत मी काय ऐटीत आहे! तो फोटो अजून आमच्या घरी आहे. कपाटात, पालथा.

त्या नारळी पौर्णिमेनंतर बारा होड्या पट्ट्यात गेल्या. काय मासा आला! टोपल्या कमी पडल्या. कुशाबाने दर्शनाच्या घरी पापलेट पाठवलं आणि मीराबाईने त्याचं तिखलं केलं. ती सगळी पिल्लं होती. एकदाही अंडी न घातलेली. माझ्या साक्षीने त्यांना मोठं ठरवून सगळ्यांनी नेलं.

पुढच्या वर्षी पट्टा रिकामा होता. त्याच्या पुढच्या वर्षीही. होड्या जायच्या आणि डिझेल जाळून यायच्या. पहाटेच्या धक्क्यावर आमच्या क्रेटपुढे दिवसाला पाच-सहा पापलेटं यायची. धक्क्यावर कुणी दर्शनाची थट्टा करेना, इतकी माणसं गप्प झाली होती.

अनुजा त्या कॉम्प्युटरमधल्या समुद्रात हरवलेले मासे शोधत होती. एवढी मोठी पापलेटं होती, तर त्यांची पिल्लं गेली कुठे? पाणी तापलं का? बाहेरच्या मोठ्या होड्या येऊन गेल्या का? दोन महिने तिने सगळं तपासलं. शेवटी एका पहाटे अजित अनुजाला घेऊन आमच्या धक्क्यावर आला आणि दर्शनाला म्हणाला, ‘‘ताई, राग मानू नका. एकच मासा दोघं मोजू या.’’

त्याच्या स्टीलवर एकोणीस. माझ्यावर वीस.

सगळ्यांनी आधी अजितच्या फळीकडे संशयाने पाहिलं, खुद्द अजितनेही. मग अनुजाने पर्समधून साधी शाळेतली फूटपट्टी काढली आणि माझ्यावर ठेवली. दर्शना वाकून बघत होती. तिने तिथेच ओल्या फरशीवर बसकण मारली आणि मला मांडीवर घेतलं.

घरी आल्यावर तिने टेप सोडवली. नानांनी आंधळ्या बोटांनी पितळ चाचपलं. एकदा, दोनदा.

‘‘रेघो खंय गेल्यो?’’

मीराबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या लक्षात आलं. ‘‘मीच घासल्या हो,’’ एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावून खाली बसली. नाना तिला रागावले नाहीत. बराच वेळ माझ्यावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘‘पट्टी सोडय गो दर्शना. मागसून इंच आसत.’’

खरंच, मागच्या बाजूला गिरणीतल्या इंचाच्या रेघा जशाच्या तशा होत्या. त्या बाजूचं कुणी कधी कौतुक केलं नव्हतं, म्हणून त्या वाचल्या. नानांनी पट्टी उलटी करून चाचपडत चारही स्क्रू स्वतः पिळले. अर्ध्या तासाचं काम, त्यांना संध्याकाळ झाली. ते त्यांच्या हातचं शेवटचं काम ठरलं.

दर्शनाने पुढच्या रविवारी त्याच सभागृहात उभं राहून बारा तांडेलांना सगळं सांगितलं. अनुजा म्हणत होती, मी सांगते, मॉडेल माझं आहे. दर्शना ऐकेना. ‘‘माप माझं होतं. माझ्यामुळे झालं,’’ ती म्हणाली. कुणी खुर्ची आपटून निघून गेलं. कुणी ओरडलं. कुशाबा जागेवरून उठला, तिच्यापुढे येऊन उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘‘माजा हात सांगत होता बाय. मी माज्या हातापरीस तुज्या फळीचं ऐकलं.’’

ओरडणाऱ्यांचं तिने सहन केलं होतं. हे ऐकून ती रडली.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी कुशाबाची होडी विकली गेली. आजोबांचं नाव खरवडून नव्या मालकाने आपलं नाव घातलं. कुशाबा आता दुसऱ्याच्या होडीवर जाळं ओढायला जातो, साठी उलटलेली असताना. त्याच सुमारास नानाही गेले.

नानांच्या बाराव्याला अनुजा आली होती. कुशाबाही आला. कुणी बोलावलं नव्हतं, तरी आला. फोटोला फूल वाहिलं आणि दारामागे मला पाहून थबकला. खिळ्यावरून मला काढून त्याने खाटेवर ठेवलं आणि पंजा ताणून माझ्यावर वीत लावली. अंगठ्याचं टोक ठोकळ्याला.

‘‘किती गो बाय?’’

दर्शनाने इंचाच्या रेघा मोजल्या. एकदा. पुन्हा एकदा. मग माझ्याशेजारी फूटपट्टी ठेवून खात्री केली. ‘‘आठ.’’

अनुजाने मनातल्या मनात हिशेब केला. ‘‘वीस सेंटिमीटर,’’ ती म्हणाली. ‘‘वीसला थोडं वर.’’

कुशाबा तिच्याकडे पाहत राहिला. ‘‘तुज्या कॉम्प्युटरात पन वीसच होतं ना?’’

‘‘हो, कुशाबा.’’

‘‘मंजे आमचा आजा न् तुजा कॉम्प्युटर एकच बोलत होते.’’

मीराबाईने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. त्याने पाणी घेतलं आणि गेला.

मित्रांनो, दोघंही खरं सांगत होते. मध्ये फक्त मी होते.

आता पट्टा पुन्हा बंद केलाय. त्या बारांपैकी सात होड्या उरल्यात, त्या तो पाळतात. अजितचे आकडे अनुजा आता बाजूला ठेवत नाही. पापलेट परत येईल का, हे मॉडेललाही नक्की सांगता येत नाही. दर्शना स्टीलची फळी घेऊन पहाटे निघते आणि दर सोमवारी आधी ती फळी ताडून बघते. जाताना माझ्याकडे पाहत नाही. दसऱ्याला मीराबाई माझ्यावर लांबूनच फूल ठेवते. मला हात लावायची तिला आता भीती वाटते. फार वाईट वाटतं मला तिच्यासाठी. तिने काही पाप केलं नव्हतं, ती मला जपत होती.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरातल्या वस्तूंना जपा, पण नुसतं घासून-पुसून जपू नका. घड्याळ असो, काटा असो, फूटपट्टी असो, ती अजून खरं सांगते का, ते अधूनमधून विचारा. आपल्या माणसाने केलेली असेल तर जरा जास्तच विचारा. आणि कधी लालबागला आमच्या घरी आलात, तर दारामागे मला पाहून खुशाल धोपाटणं म्हणा, मी रागावणार नाही. फक्त माझ्यावर काही मोजायचं झालंच, तर आधी मला मोजा.